हिरव्या टेबलावरची सून

प्रथमेशचं हे वागणं पद्मिनीबाईंना मुळीच पटलेलं नव्हतं. खोटं बोलला याचं एवढं नाही. मुलं आईशी खोटं बोलतात, त्यात नवं काय? पण जिनं साताऱ्यात कॉलेजच्या पोरांची खाणावळ चालवून, शेगडीपुढे केस पिकवून याला इंजिनियर केला, तिच्याच तोंडून त्यानं ते खोटं गावभर सांगायला लावावं? "सूनबाई काय करतात तिकडे?" असं कुणी फोनवर विचारलं की जपानात मुलाकडे आलेल्या पद्मिनीबाई गेला महिनाभर ऐटीत सांगत होत्या, "मास्तरीण आहे. जपानी बायकांना इंग्रजी शिकवते." वाईच्या नणंदेला सांगून झालं होतं, साताऱ्यातल्या कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगून झालं होतं. आणि आज, शनिवारी भर दुपारी, शेजारच्या हिगाशी-कसाईहून सायकल मारत आलेली सुनेची मैत्रीण सुचेता चहाचा कप हातात धरून सहज बोलून गेली, "काकू, कस्तुरीला ते काळं जाकीट काय शोभतं हो! आणि पत्ते वाटते तेव्हा नुसते हात बघत बसावेत!"

"कसले पत्ते?" पद्मिनीबाई म्हणाल्या.

आपण घोळ घातला हे सुचेताला कळलं. तिनं प्रथमेशकडे बघितलं. प्रथमेशनं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. लहानपणापासून त्याची ही खोड, अडचणीत आला की चष्मा पुसायचा.

"जाते मी काकू," सुचेता म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून खरंच गेली.

"बोल आता," पद्मिनीबाई म्हणाल्या.

"आई, स्टेशनपाशी नवीन उघडलंय. पोकर रूम म्हणतात. पोकर म्हणजे पत्त्यांचाच एक खेळ. कस्तुरी तिथं डीलर आहे, म्हणजे पत्ते वाटते. बाइतो आहे, पार्ट-टाइम. पैशाचा खेळ नाही हं तो. इथं कायद्यानंच बंदी आहे. आत जायचं तिकीट घ्यायचं, कॉफी प्यायची, प्लॅस्टिकच्या चिप्स देतात त्यांच्यावर खेळायचं आणि घरी यायचं. चिप्स तिथंच राहतात."

"पाटीवर काय लिहिलंय?"

प्रथमेशनं पुन्हा चष्मा पुसला. "कसिनो."

"वा! अड्डा म्हणायचं आणि वर जुगार नाही म्हणायचं."

"म्हणूनच तुला सांगितलं नाही. आणि कस्तुरीलाही सांगू दिलं नाही, शपथ घातली होती. तू परत गेलीस की मी तिला सोडायलाच लावणार होतो. पण आज तिचा ट्रायलचा महिना संपतोय. पक्की ठेवायची की नाही ते आज ठरणार." एवढं बोलून तो आईजवळ सरकला. "आई, तूच सांग ना तिला नको म्हणून. तुझा शब्द ती मोडणार नाही."

हे मात्र खरं होतं. त्या घरात पद्मिनीबाईंनी एकदा नको म्हटलं की भाजीसुद्धा पुन्हा शिजत नसे. पण मुलाचा हा हिशेब त्यांच्या बरोबर ध्यानात आला. महिनाभर आईला फसवायचं, आणि गरज पडली की तिचाच शब्द काठीसारखा वापरायचा!

"सांगेन की," त्या म्हणाल्या. "पण बघून सांगेन. चल, दाखव मला ती जागा."

त्यांनी लुगड्यावर स्वेटर चढवला, पायात सुनेनं आणून दिलेले पांढरे बूट घातले, आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला. रागावून जायचं म्हणून काय रिकाम्या हातानं जायचं?

फुनाबोरी स्टेशनापासून जवळच, दुसऱ्या मजल्यावर ती जागा होती. जिन्यात पद्मिनीबाईंच्या डोळ्यांपुढे सगळं चित्र तयार होतं: अंधार, धूर, बाटल्या, आणि खी-खी हसणाऱ्या बाया. त्या बायांच्या घोळक्यातून सुनेला मनगटाला धरून बाहेर काढायची, इथवर त्यांचं ठरलेलं होतं.

दार उघडलं तर समोर फुलं. माणसाच्या उंचीच्या तिकाट्यांवर फुलांचे ढीग रचलेले, प्रत्येकाला रेशमी फीत, फितीवर नाव. नवं दुकान उघडलं की ओळखीपाळखीचे लोक इथं अशी फुलं पाठवतात, हे प्रथमेशनं सांगितलं. सकाळीच कुणीतरी पाणी शिंपडल्यासारखी ती टवटवीत होती. त्यांच्यामागे लखलखीत उजेड, नव्या लाकडाचा आणि नव्या गालिच्याचा वास, आणि गवतासारख्या हिरव्या कापडाची लंबगोल टेबलं. आवाज म्हणाल तर एकच. टेबलाभोवतीची माणसं हातातल्या चिप्स नुसत्याच वरखाली करत होती, आणि सुपात हरभरे घोळवावेत तसा तो आवाज सगळ्या खोलीत भरून राहिला होता. बाकी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आत येणाऱ्या प्रत्येकाला गरम ओला रुमाल मिळत होता. पद्मिनीबाईंनी तो घेतला, हात पुसले, मनात म्हणाल्या, स्वच्छता आहे. पुढचं बघू.

चौथीत शाळा सुटलेल्या पद्मिनीबाईंना पाटी वाचता येवो न येवो, पंगतीत बसलेलं माणूस वाचता येत होतं. खेळणाऱ्यांसाठी दोरी बांधली होती, तिच्या अलीकडे बघ्यांसाठी बाक होता. त्यावर बसून त्यांनी खोली वाचायला घेतली. तो टाय सैल केलेला बँकेतला वाटणारा गडी, हा भुकेला असूनही आधी दुसऱ्याच्या ताटात बघणारा. त्या दोन पोरी नुकत्या ड्युटीवरून सुटलेल्या नर्सा असाव्यात, हरल्या तरी हसतायत, यांना जेवणाशी मतलब नाही, पंगतीला बसण्याशी आहे. पिकल्या केसांचा एक म्हातारा घरून स्वतःची उशी घेऊन आला होता आणि ती पाठीशी लावून देवळात बसावं तसा बसला होता. लोकरी टोपी घातलेली एक आजी मांडीवर विणकाम ठेवून खेळत होती. तिची पाळी आली की सुया थांबायच्या, पाळी गेली की सुरू. ही बाई मात्र पक्की, पद्मिनीबाईंनी ताडलं. ही ताटात काय वाढलंय ते चेहऱ्यावर दिसू देणार नाही.

आपली पोरंही होती. निशी-कसाईकडच्या कंपन्यांतली, शनिवार असूनही गळ्यात ऑफिसचा पट्टा. आणि बाकावर शेजारीच, जागा रिकामी होण्याची वाट बघत, पंढरीनाथ नावाचा पुण्याचा एक संशोधक. विद्यापीठात कसल्याशा किड्यांवर अभ्यास करतो म्हणाला. पद्मिनीबाईंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला, आणि तो लगेच त्यांचा दुभाष्या झाला.

मग कस्तुरी आली. पांढरा शर्ट, काळं जाकीट, गळ्याशी छोटा काळा बो, केस मागं घट्ट बांधलेले. ती सरळ लोकरी टोपीवाल्या आजींच्या टेबलाशी गेली. तिथं पत्ते वाटणाऱ्या पोरानं उठताना टाळी वाजवल्यासारखे हात झटकले, तळवे उलटसुलट करून सगळ्यांना दाखवले आणि जागा सोडली.

"हे काय नाटक?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"हातात काही नाही, काही घेऊन चाललो नाही, हे दाखवायचं," पंढरीनाथ लाडू चावत म्हणाला. "प्रत्येक वेळी, प्रत्येकानं."

कस्तुरी बसली. मान वर केली तेव्हा तिला सासू दिसली. क्षणभर तिचा चेहरा पांढरा पडला. पद्मिनीबाई उठल्या आणि त्यांनी दोरीवरून डबा पुढे केला. कस्तुरीनं अगदी थोडी मान लववली, टेबलावरच्या इतर कुणालाही लववली असती तेवढीच, आणि पत्ते पिसायला घेतले.

पद्मिनीबाईंच्या मस्तकात सणक गेली. सासू दारात उभी, आणि ही उठत नाही? "बघितलंस?" त्या मुलाला म्हणाल्या. "बघितलं," प्रथमेश म्हणाला. आपलं काम आता आपोआप होणार, असं समाधान त्याच्या आवाजात होतं, आणि तेही पद्मिनीबाईंना आवडलं नाही.

"काकू, तिला चालत नाही," पंढरीनाथ म्हणाला. "टेबलावर बसल्यावर ओळख दाखवायची नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. तो कोपऱ्यात उभा आहे ना, ओकुमुरा-सान, मॅनेजर, तो आज तिचंच काम बघतोय."

कोपऱ्यात एक सडपातळ, पन्नाशीचा माणूस हात मागे बांधून उभा होता. त्याची नजर कस्तुरीच्या हातांवर होती. मग पद्मिनीबाईंनीही तिथंच बघितलं. घरात पोळी लाटताना तर ही पोरगी अर्धी पोळी परातीबाहेर नेते! पण इथं तिची पानं हिरव्या कापडावरून घसरत एकेकाच्या पुढ्यात अशी जाऊन थांबत होती, की जणू तिथं खूण करून ठेवलीय. कुणाला जवळ नाही, कुणाला लांब नाही. साताऱ्यात पंगत वाढायला पद्मिनीबाईंनी कितीजणी ठेवल्या आणि काढल्या, पण असा सारखा हात एकीचाही नव्हता. त्यांचा स्वतःचा सोडून.

तेवढ्यात प्रथमेशनं त्यांचा पदर ओढला. "आई, तिकडे नको बघूस. मोरेश्वर सर बसलेत त्याच टेबलावर."

मोरेश्वर म्हणजे प्रथमेशचे वरचे साहेब. यांनीच त्याला जपानात आणला, आणि पुढच्या वर्षी इथं ठेवायचा की पुण्याला परत धाडायचा, तेही यांच्याच हातात. अंगानं भरलेले, बोलायला मोकळे, दिवाळीला सगळ्या मराठी पोरांना घरी बोलवून जेवू घालणारे. माणूस वाईट नव्हता. पण कस्तुरीच्या टेबलावर ते जावयासारखे बसले होते.

पोकरमध्ये पानं थोडी आणि गप्प बसणं फार, एवढं पद्मिनीबाईंना एव्हाना कळलं होतं. मोरेश्वरांनी आपली पानं उचलून बघितली, ओठ आवळले, आणि समोरची चिप्सची सगळी चळत दोन्ही हातांनी पुढे लोटली. कस्तुरीनं ते मोठ्यानं बोलून दाखवलं. टोपीवाल्या आजींच्या सुया थांबल्या. त्यांनी आपली पानं पुन्हा बघितलीसुद्धा नाहीत, शांतपणे स्वतःच्या चळतीवर हात ठेवला. ते दिसताच मोरेश्वरांचा चेहरा पडला, आणि त्यांनी आपली चळत हसत हसत मागं ओढली.

यात त्यांना काही वावगं वाटलंच नसणार. आपल्या घरी मेंढीकोटला बसलं की पान टाकल्यावर परत घ्यायचं नाही असं सगळे म्हणतात, आणि सगळे घेतात. "चुकून पडलं" म्हटलं की झालं. त्यातून माणूस मानाचा असला तर बाकीचेच म्हणतात, घ्या हो घ्या.

कस्तुरीनं तळहात त्यांच्या चळतीपुढे आडवा ठेवला. आधी जपानीत, मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली. आवाज हळू, पण हरभऱ्यांचा तो घोळ थांबला.

"पुढे गेलेल्या चिप्स परत घेता येत नाहीत, असं म्हणाली," पंढरीनाथ कुजबुजला.

मोरेश्वर मोकळेपणानं हसले आणि सरळ मराठीत बोलले, "अहो वहिनी, घरचीच माणसं आपण! चुकून गेल्या हो. घेऊ द्या परत. यांना काय कळतंय?"

टेबलावरच्या सगळ्या माना कस्तुरीकडे वळल्या. डीलर आणि खेळणारा दोघं एका देशाचे, आणि बोलतायत अशा भाषेत जी बाकी कुणाला येत नाही. म्हाताऱ्यानं पाठीची उशी सरळ केली. कोपऱ्यातून ओकुमुरा एक पाऊल पुढे आला. कस्तुरीच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या पद्मिनीबाईंना इथून दिसल्या. मग तिनं मान ताठ केली, टेबलावरच्या एकेकाकडे बघत जपानीत सावकाश काहीतरी सांगितलं, आणि तेच पुन्हा इंग्रजीत.

पंढरीनाथचा लाडू घशात अडकायची वेळ आली. "काकू, इथं तिसऱ्या भाषेत कुणी बोललं की ते डीलरनं सगळ्यांना सांगायचं असतं. तिनं सगळंच सांगितलं. म्हणाली, हे गिऱ्हाईक म्हणतंय की आम्ही घरची माणसं आहोत, चिप्स परत घेऊ द्या, आणि तुम्हाला काय कळतंय."

"तेसुद्धा सांगितलं?"

"शब्दाला शब्द."

मोरेश्वरांचं हसू गालावरच वाळलं. आणि नेमकं तेव्हा प्रथमेश उठला. दोरीवरून वाकून, अर्ध्या आवाजात, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कस्तुरी, जाऊ दे ना! सर आहेत."

कस्तुरीनं नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर पद्मिनीबाईंना बरं वाटलं असतं. भर पंगतीत हातातली पळी कुणी हिसकावून घ्यावी आणि मागं वळून बघावं तर ते आपलंच माणूस निघावं, तसं ते बघणं होतं. मग टेबलाकडे वळून, त्याच सावकाश आवाजात, आधी जपानीत आणि मग इंग्रजीत तिनं तेही सांगितलं.

"काय म्हणाली?" पद्मिनीबाईंनी विचारलं. पंढरीनाथ हातातल्या लाडवाकडे बघायला लागला. "सांग रे, लाडू खाल्लास ना माझा?"

"म्हणाली, मागे उभे असलेले गृहस्थ म्हणतायत, सोडून दे, कारण हे साहेब आहेत. आणि म्हणाली, या टेबलावर साहेब कुणी नाही. चिप्स पुढे राहतील."

पद्मिनीबाई बाकावर ताठ बसल्या. त्यांना स्वतःचीच पंगत दिसली. सख्खा दीर हक्कानं पहिल्या पंगतीत घुसला होता, तेव्हा याच आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "भाऊजी, पोरं आधी आलीत. तुम्ही दुसऱ्या पंगतीला." दिरानं वर्षभर तोंड दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून खाणावळीत कुणी वाटीभर आमटीसाठीसुद्धा ओळख काढली नाही. ही पोरगी त्यांच्या पोटची नव्हती, त्यांनी शिकवलेलीही नव्हती. ती शिकलेली, सवरलेली, जपानी बोलणारी. आणि तरी त्या भरल्या खोलीत, त्या काळ्या जाकिटात, पद्मिनीबाईंना पहिल्यांदाच वाटलं की ही आपल्या घरातली आहे.

ओकुमुरा टेबलाशी आला. कस्तुरीनं काय झालं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मोरेश्वरांना कमरेत वाकून नमस्कार केला, आणि चळत जिथं पुढे होती तिथंच बोटांनी सरळ करून ठेवली. आजींनी आपली चळत पुढे केली. पानं उघडली. आजी जिंकल्या, सुया पुन्हा सुरू झाल्या, आणि हरभऱ्यांचा आवाज खोलीत परत भरला. मोरेश्वर उठले, खुर्चीवरचा कोट घेतला आणि प्रथमेशच्या अगदी जवळून, त्याच्याकडे न बघता, निघून गेले.

थोड्या वेळानं कस्तुरीची पाळी संपली. तिनं हात झटकले, तळवे दाखवले, टेबल सोडलं. ओकुमुरानं तिला बाजूला घेऊन काही विचारलं. तिनं त्याला थोडं थांबायला सांगितलं आणि ती बाहेर जिन्यात आली. तिथं पद्मिनीबाई आणि प्रथमेश उभे होते. आल्या आल्या ती जाकिटासकट वाकली आणि सासूच्या पायांना हात लावला.

"आत उठता येत नव्हतं, आई."

"कळलं ते मला. उभी राहा. मला महिनाभर फसवलंस त्याचं तुझं वेगळं बघते."

"बघा. माझं चुकलंच ते." कस्तुरीनं बो सैल केला. "ओकुमुरा-सान पक्की ठेवायला तयार आहेत. मी म्हटलं, घरी विचारून सांगते. आई, तुम्ही नको म्हणालात तर जाकीट आत्ता काढून देते. पण आज टेबलावर जे केलं ते चुकलं, असं मला म्हणायला लावू नका."

"चुकलं नाही?" प्रथमेश उसळला. "आई, बघितलंस ना? सर एक शब्द न बोलता गेले! सोमवारी मी ऑफिसात काय तोंड घेऊन जाऊ? परत पाठवलं तर? हे घर, हा पगार, सगळं त्यांच्या हातात आहे. आणि ही मला, स्वतःच्या नवऱ्याला, सगळ्या जपान्यांसमोर... सांग तिला, आई. आता तूच सांग."

भीती पद्मिनीबाईंनाही वाटली. साहेबाचा कोट दारातून कसा गेला ते त्यांनी पाहिलं होतं. परत पाठवला तर पुण्यात नवं घर, कमी पगार, लोकांचे प्रश्न. पण साताऱ्यात त्यांनी यापेक्षा मोठ्या भीतीला रोज सकाळी चहा पाजून बाहेर घालवलं होतं. त्यांनी सुनेच्या गळ्याचा बो हातानं पुन्हा नीट घट्ट केला, डबा तिच्या हातात दिला, आणि मग मुलाकडे वळल्या.

"सांगते. पण तिला नाही, तुला. ऐक, प्रथमेश. साहेब तुला ठेवेल नाहीतर पाठवेल, ते त्याचं तो जाणे. तुझ्या पोटाची काळजी मी आजवर केली, अजूनही करीन, तू उपाशी राहणार नाहीस. पण हिचा मान सांभाळायचं काम तुझं होतं, आणि भरल्या खोलीत तू तो साहेबाच्या पायाशी ठेवायला निघालास. ते तुला जमलं नाही, म्हणून आजपासून ते काम तुझ्याकडून काढलं. हिचा मान हिनं एकटीनं सांभाळलाय, पुढंही हीच सांभाळेल, याच जागी, याच जाकिटात. ती हो म्हणायला आत चाललीय. तू बाजूला हो, वाट दे तिला."